उजेड आणि वारा यांची वाटणी : जुन्नर-आंबेगाव परिसरातील निवासवास्तूंचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत शहरी गृहसजावटीच्या क्षेत्रात 'स्कँडिनेव्हियन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचा बराच बोलबाला झालेला आहे. पांढऱ्या भिंती, फिकट रंगाचे लाकूड, मोजके सामान, रुंद खिडक्या आणि वेगवेगळ्या उंचीवर योजलेले मंद दिवे ही या शैलीची सर्वपरिचित लक्षणे होत. शांत, मोकळे आणि हवेशीर घर ही त्यामागील कल्पना. पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून ही आवड आता पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव यांसारख्या गावांतील नव्या घरांकडेही वळू लागली आहे.

या शैलीचे गुणदोष सांगणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. तिच्या निमित्ताने एक ऐतिहासिक प्रश्न मात्र उपस्थित होतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत किमान दोन हजार वर्षांपासून माणसाने घरे घडविली आहेत. काही डोंगर कोरून, काही दगड-विटांनी, तर काही कुड आणि शेणमातीने. या घरांत उजेड आणि वारा कसा आणला गेला? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो घरातील कोणाच्या वाट्याला आला? वास्तूचा इतिहास लिहिताना पहिल्या प्रश्नाकडे थोडेफार लक्ष दिले जाते. दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. या दोन्ही प्रश्नांचा विचार लेणी, वाडा आणि सह्याद्रीच्या कुशीतील कुडाचे घर या तीन वास्तुप्रकारांच्या आधारे येथे केला आहे.

उत्तरेकडील कल्पनेचा उगम

ज्या शैलीचे आज अनुकरण होते तिचा उगम सजावटीत नव्हे, तर सामाजिक सुधारणेच्या विचारात आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. स्वीडिश विचारवंत एलेन की यांनी १८९९ साली 'सर्वांसाठी सौंदर्य' या आशयाचे शीर्षक असलेले निबंध प्रसिद्ध केले. कामगाराचे लहानसे घरही स्वच्छ, उजळ आणि सुंदर असू शकते, किंबहुना असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी चित्रकार कार्ल लार्सन यांच्या स्वतःच्या घराच्या जलरंगचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि साध्या, प्रसन्न घराचे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. पुढे डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकात एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा तयार केला. विजेच्या उघड्या दिव्याची तिरीप डोळ्यांवर येऊ नये आणि तरीही उजेड वाया जाऊ नये, हे त्याचे सूत्र होते. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टो यांनी पाइमियो येथील क्षयरुग्णालय १९३३च्या सुमारास पूर्ण केले. तेथे ऊन आणि हवा यांना औषधाचेच स्थान होते. या सर्वांना एकत्रितपणे 'स्कँडिनेव्हियन' ही मुद्रा मिळाली ती मुख्यतः १९५४ ते १९५७ या काळात उत्तर अमेरिकेत फिरलेल्या प्रदर्शनामुळे.

या शैलीचा भौगोलिक आधारही स्पष्ट आहे. स्टॉकहोम येथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो आणि दिवस सुमारे सहा तासांचा असतो. उजेडाचा असा दुष्काळ जेथे आहे, तेथे प्रत्येक किरण घरात ओढून घेणे आणि पांढऱ्या भिंतींवरून तो परावर्तित करणे ही गरज ठरते.

जुन्नरचा सूर्य

जुन्नर सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरच्या अखेरीसही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो सुमारे ७१ अंशांवर येतो. मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा दक्षिणेकडे वळतो. म्हणजेच येथे उजेडाची वाण कधीच नाही. उलट तो गाळून, मवाळ करून घरात कसा घ्यावा, हीच येथील खरी समस्या आहे. त्यातच या दोन तालुक्यांची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या माथ्यावर असल्याने भीमाशंकर, नाणेघाट या बाजूला अतिवृष्टी, तर पूर्वेकडे कोरडे माळरान, असा मोठा फरक थोड्याच अंतरात आढळतो. ऊन, पाऊस आणि वारा या तिन्हींचा मेळ घालणे हे येथील गवंड्याचे आणि सुताराचे शतकानुशतकांचे काम राहिले आहे.

लेणी : उजेडातला मंडप, अंधारातली खोली

नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावर वसलेल्या जुन्नरच्या भोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत लेण्यांचे प्रचंड समूह आहेत. लहानमोठी कोरीव कामे मोजल्यास त्यांची संख्या दीडशेहून पुष्कळ अधिक भरते. सातवाहन आणि क्षत्रप काळातील ही लेणी कलेतिहासाच्या दृष्टीने बऱ्यापैकी अभ्यासली गेली आहेत. तथापि, त्यांतील बहुसंख्य लेणी चैत्यगृहे नसून विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने आहेत, ही बाब कलेतिहासाच्या चर्चेत काहीशी मागे पडते. ती वस्तुतः या परिसरातील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी घरे आहेत.

लेण्याद्रीच्या डोंगरातील लेणी पूर्व-पश्चिम रांगेत असून त्यांची तोंडे दक्षिणेकडे आहेत. त्यांपैकी सातव्या क्रमांकाचे लेणे, ज्यात आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे, हे या समूहातील सर्वांत मोठे विहार होय. पुढे खांबांची ओसरी, मध्ये दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंस खिडक्या, आत एकाही खांबाचा आधार नसलेले पन्नास फुटांहून अधिक लांबीचे दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, अशी त्याची रचना आहे. उजव्या-डाव्या भिंतींत प्रत्येकी सात आणि मागील भिंतीत सहा अशी या खोल्यांची विभागणी असून मागील दोन खोल्या पुढे एकत्र करून तेथे गणपतीचे स्थान झाले.

या रचनेचा सूर्याच्या वर सांगितलेल्या गतीशी मेळ घालून पाहिला असता तिचे मर्म उलगडते. हिवाळ्यात दक्षिणेकडील तिरपे ऊन ओसरी ओलांडून दालनाच्या दारापर्यंत पोहोचू शकते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असल्याने हेच दालन डोंगराच्या सावलीत राहते. ऊन हवे तेव्हा आत, नको तेव्हा बाहेर, ही किमया कोणत्याही यंत्रावाचून केवळ दिशा आणि ओसरीची खोली यांतून साधली आहे. दिवसभर या दालनात सौम्य उजेड असतो, याचा अनुभव येथे येणारे भाविक आवर्जून सांगतात.

परंतु हा उजेड दालनाचा आहे. भिक्षूंच्या खोल्यांना खिडकी नाही. दारातून जो काही येईल तेवढाच प्रकाश आणि तेवढीच हवा. उजेड सामूहिक जागेला आणि अंधार व्यक्तीच्या जागेला, अशी ही वाटणी आहे. मात्र ती संघाच्या जीवनपद्धतीशी सुसंगत होती. पठण, चर्चा, भोजन हे सारे एकत्र. खोली केवळ निद्रा आणि एकांतातील चिंतनासाठी. जुन्नरच्या शिलालेखांतूनही हेच चित्र दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात गर्भांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी पोढी आणि मंडप दिल्याचा मानमोडीतील लेख तर प्रसिद्धच आहे. दात्यांनी दिले ते खोल्या, पाणी आणि एकत्र बसण्याची जागा. खोलीतील अंधार तेथे राहणाऱ्याने स्वतः स्वीकारलेला होता, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

वाडा : चौकातले आकाश आणि माजघरातला काळोख

मध्ययुगात जुन्नर हे निजामशाहीच्या आरंभीच्या काळातील सत्ताकेंद्र होते. शिवनेरीच्या पायथ्याशी असलेल्या या गावात, तसेच घोडेगाव, मंचर, ओतूर अशा बाजारपेठेच्या गावांत मराठा आणि पेशवे काळात वाडा हा वास्तुप्रकार रुजला. वाड्याची रचना मराठी वाचकाला परिचित आहे. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चौकाभोवती ओसरी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागील परसू असा तो क्रम. घराचे माप खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि तुळईला मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ते अवलंबून असे.

उजेड आणि वारा यांच्या दृष्टीने वाड्याचे हृदय म्हणजे चौक. बाहेरच्या जाड भिंतीला सुरक्षिततेसाठी खिडक्या कमी, त्याही उंचावर. पण आत चौकाच्या रूपाने आकाशाचा एक तुकडाच घरात घेतलेला. दुपारी तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी देवडीच्या व परसाच्या बाजूने वारा आत येतो. चौकातील फरसबंदीवर पडलेले ऊन ओसरीच्या छपराखाली पोहोचेपर्यंत मवाळ होते. ओसरीवर बसलेल्या माणसाला वाचता-लिहिता येईल इतका उजेड मिळतो आणि डोळ्यांना त्याची तिरीपही लागत नाही. हेनिंगसेन यांनी दिव्याच्या छत्र्यांतून जे साधले, ते ओसरीच्या उतरत्या छपराने सूर्यासाठी साधले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

येथेच वाड्याची स्तुती थांबविण्याचा मोह होतो, आणि वाड्यांविषयीचे बरेचसे स्मरणपर लेखन येथेच थांबते. पण ओसरीवरून एक उंबरठा ओलांडून आत गेले की चित्र बदलते. माजघर हे घराच्या पोटात असते. त्याची एक बाजू ओसरीकडे, दुसरी स्वयंपाकघराकडे. बाहेरच्या भिंतीशी त्याचा संबंध क्वचितच येतो. दिवसाही तेथे समई किंवा चिमणी लावावी लागे. त्यापलीकडे स्वयंपाकघर, तेथील चुलीचा धूर धुराड्यातून, ते नसल्यास कौलांच्या फटींतून बाहेर पडे. धाब्याच्या घरात छताला ठेवलेले साणे एवढाच काय तो उजेडाचा मार्ग. बाळंतिणीची खोली तर वारा लागू नये म्हणून मुद्दाम बंदिस्त आणि अंधारी ठेवली जाई.

ओसरी पुरुषांची, माजघर आणि स्वयंपाकघर स्त्रियांचे, ही विभागणी ध्यानात घेतली म्हणजे उजेडाच्या वाटणीचा सामाजिक अर्थ स्पष्ट होतो. हिशेब, न्यायनिवाडा, पाहुणचार आणि वाचन जेथे चाले ती जागा उजळ. दळण-कांडण, स्वयंपाक आणि बाळंतपण जेथे होई ती जागा काळोखी. लेण्यातील भिक्षूने अंधारी खोली स्वीकारली होती; माजघरातील स्त्रीला ती नेमून दिलेली होती. घरातील कामाचे सर्वाधिक तास ज्या व्यक्तीचे, तिच्याच जागेला सर्वांत कमी उजेड, हा वाडा-संस्कृतीतील अंतर्विरोध आहे. त्याची नोंद घेतल्याविना वाड्याच्या वास्तुगुणांचे मूल्यमापन अपुरेच राहील.

कुडाचे घर : पावसाशी केलेला करार

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. येथील पारंपरिक घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे, त्यावर शेणमातीचे लिंपण, लाकडी मेढी आणि वर गवताचे किंवा नळीच्या कौलांचे उतरते छप्पर अशा स्वरूपाचे असे. चार महिने कोसळणारा पाऊस हाच या घराचा खरा वास्तुविशारद होय. छप्पर इतके खाली उतरलेले की आत शिरताना वाकावे लागते. खिडकी जवळजवळ नाही. पावसाळ्यात पडवीची मोकळी बाजूही गवताच्या किंवा पानांच्या आडोशाने बंद केली जाते. जनावरेही बहुधा त्याच छपराखाली.

या घरात उजेड अल्प होता, हे खरे. पण हवेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. कुडाची भिंत श्वास घेते. लिंपणातील बारीक फटी आणि छपराखालची मोकळी जागा यांतून वारा सतत झिरपत राहतो. चुलीचा धूर माळ्यावरील बी-बियाणे आणि छपराचे लाकूड यांना कीड लागू देत नसे. उजेडाची कामे मात्र घरात नव्हे, अंगणात आणि पडवीत होत. घर हे केवळ चार भिंतींपुरते नव्हते. शेणाने सारवलेले अंगण हीच त्या घराची उजळ खोली होती. पाऊस सुरू झाला की ही खोली नाहीशी होई, आणि चार महिने चुलीजवळच्या धुरात काढण्याचा भार पुन्हा मुख्यतः स्त्रिया आणि लहान मुलांवर पडे. कुडाच्या घराकडे केवळ निसर्गस्नेही वास्तू म्हणून पाहणाऱ्यांनी या धुराचाही हिशेब मांडावयास हवा.

प्लेग, काचेचे कौल आणि वीज

घरातील उजेड हा सार्वजनिक प्रश्न म्हणून प्रथम पुढे आला तो प्लेगच्या साथीत. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात साथ पसरली, तेव्हा अंधारी, कोंदट घरे हे रोगाचे मूळ मानले गेले. कौले काढून आत ऊन घेणे, भिंतींना चुना लावणे असे उपाय सक्तीने योजले गेले. त्या सक्तीविषयी लोकांत जो रोष निर्माण झाला तो सर्वविदित आहे. १८९८ साली मुंबईत सुधार मंडळाची स्थापना झाली. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतील उजेड व हवा याच विषयावर व्याख्यान दिले. समोरासमोरच्या इमारतींनी एकमेकींचा उजेड अडवू नये म्हणून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियमही याच मंडळाच्या कार्याशी निगडित आहे. एलेन की यांचा काळ आणि हा काळ एकच, हे लक्षणीय आहे. तेथे उजेडाचा विचार सौंदर्याच्या आणि समतेच्या अंगाने आला. येथे तो साथीच्या भयातून आणि सरकारी हुकमातून आला. घर उजळ असणे हा रहिवाशाचा हक्क आहे, ही जाणीव येथे उशिरा रुजली, त्याचे एक कारण या भिन्न आरंभात असावे.

खेड्यातील घरात मात्र बदल घडविला तो एका लहानशा वस्तूने. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले महाराष्ट्रभर पसरली आणि त्यांच्याच आकाराचे काचेचे कौलही उपलब्ध झाले. छपरातील एक कौल काढून तेथे काचेचे कौल बसविणे, एवढीच ही सुधारणा. परंतु ते कौल बहुधा कोठे बसविले गेले? स्वयंपाकघरावर आणि माजघरावर. शतकानुशतके दिवसा दिवा लावाव्या लागणाऱ्या जागेत त्यामुळे चुलीपाशी उजेडाचा एक चौकोन उतरला. वास्तुकलेच्या इतिहासात या कौलाला स्थान नाही. घरातील उजेडाच्या न्याय्य वाटणीच्या इतिहासात मात्र ते अग्रभागी असावयास हवे.

त्यानंतर वीज आली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत गावोगाव दिवे लागले. तत्पूर्वीच्या दिव्यांना प्रत्येकी ठरलेले स्थान होते : देवघरात समई, कोनाड्यात पणती, उंबरठ्याशी आणि तुळशीपाशी सांजवात, परसात जाताना हातात कंदील, उत्सवात ओझरच्या विघ्नहराच्या देवळासमोर आहेत तशा दगडी दीपमाळांवर ज्योतींची रांग. जेथे काम तेथे दिवा, हे त्यामागील साधे सूत्र होते. विजेने हा उजेड विपुल आणि निर्धूर केला, विद्यार्थ्यांना रात्रीचा अभ्यास शक्य केला. तिचे हे ऋण मान्यच करावे लागेल. पण त्याचबरोबर छताच्या मध्यभागी एक नळी लावली की उजेडाचा प्रश्न सुटला, अशी समजूतही दृढ झाली. परिणामी दारे-खिडक्यांच्या जागेचा विचार मागे पडला आणि दिवसा दिवा लावण्याची माजघराची जुनी खोड नव्या काँक्रीटच्या घरातही कायम राहिली.

पुनर्वसित घराचा प्रश्न

हा विचार केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा नाही. आंबेगाव तालुक्याला घर गमावण्याचा अनुभव दोनदा आला आहे. घोड नदीवरील दिंभे धरणाच्या जलाशयात तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगावच बुडाले आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे घरांसह गाडली गेली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे काँक्रीटच्या घरांची नवी वसाहत उभारून ती २ एप्रिल २०१७ रोजी त्यांच्या स्वाधीन करण्यात आली.

अशा प्रसंगी घराची मजबुती हा पहिला निकष असणे योग्यच आहे. परंतु पुनर्वसनाच्या सर्वसाधारण व्यवहारात घर मोजले जाते ते चौरस फुटांत आणि खोल्यांच्या संख्येत. त्यात अंगण किती, पडवी किती खोल, स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड कोणत्या वेळी येतो, चूल पेटवायची झाल्यास धूर कोठून जातो, हे प्रश्न कागदावर येत नाहीत. कुडाच्या घरात अंगण हीच उजळ खोली होती, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती खोली नकाशातून वगळली गेल्याचेही कळणार नाही. वास्तूच्या इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोग येथे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, जुन्नर-आंबेगाव परिसरातील वास्तुपरंपरेला शांत, हवेशीर घराची कल्पना परकी नाही. दक्षिणाभिमुख लेण्याची ओसरी आणि वाड्याचा चौक ही तिचीच उदाहरणे होत. मात्र उत्तरेकडील घर उजेड गोळा करते, तर येथील घर तो गाळून घेते. त्यामुळे पश्चिमेकडे मोठी काच आणि पांढरी भिंत यांचे येथे केलेले अंधानुकरण उन्हाळ्यात घराची भट्टी करील.

दुसरा, या परंपरेचा गौरव करताना तिच्यातील विषमता झाकता येणार नाही. तिने ओसरी उजळली, चूल अंधारात ठेवली. स्कँडिनेव्हियन विचारातून काही घ्यावयाचे असेल, तर ते पांढरा रंग किंवा टांगता दिवा नव्हे. प्रत्येक रहिवाशाला उजेडाचा समान वाटा, हे त्यामागील मूळ तत्त्व होय.

तिसरा, या दोन तालुक्यांतील जुनी घरे झपाट्याने पाडली जात आहेत. त्यांची मोजमापे, दिशा, खिडक्यांच्या जागा आणि त्यांत राहिलेल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी यांची नोंद करण्याचे काम येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांना सहज हाती घेता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने आपल्याच आजीला विचारावे, की तुमच्या घरात दिवसा दिवा कोणत्या खोलीत लावावा लागे आणि तेथे कोण काम करीत असे? या एका प्रश्नाच्या उत्तरातून घराचा नकाशा आणि घराचा इतिहास असे दोन्ही हाती लागतील.